दहा मिनिटांचं गाव

तेहतीस वर्षं मास्तर त्या गावातून रोज दोनदा गेले, एकदा जाताना आणि एकदा येताना, पण गाव काही त्यांनी पाहिलं नव्हतं. ते बसचे कंडक्टर. त्यांच्या लेखी गाव म्हणजे दहा मिनिटं. गाडी स्टँडला लागली की खिडकीवर जाऊन वेळ लिहून घ्यायची, चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवायचा, की लगेच दोन घंट्या. स्टँडच्या भिंतीपलीकडे जुन्या बाजाराची दगडी कमान दिसायची. तिच्या डोक्यावर गवत उगवलंय, एवढीच काय ती त्यांची गावाशी ओळख.

निवृत्त झाल्यावर महिनाभर ते घरात बसले आणि बायकोच्या नाकी नऊ आले. ती घरी शिवणकाम करायची. मास्तरांनी तिची दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे लावली, मग आकाराप्रमाणे, आणि शेवटी तिला एकही सापडेना.

"अहो, गाडीत माणसं पुढे सरकवायचात ते ठीक होतं," ती म्हणाली, "आता मलाच सरकवायला लागलात."

त्या गावच्या बाजारात शिंपल्याची बटणं मिळतात, असं ती कितीतरी वर्षं सांगत होती. मास्तर म्हणायचे, ड्युटीवर वेळ कुठे असतो? आता ते कारणही उरलं नव्हतं. तिने नमुन्याचं एक बटण कागदात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवलं आणि त्यांना जवळजवळ दाराबाहेर काढलं.

कमानीतून आत शिरताच गारवा लागला. गल्ली फरसबंदीची होती आणि दगडांत गाड्यांच्या चाकांनी बोटभर खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. दुकानांना दारांऐवजी फळ्या होत्या आणि प्रत्येक फळीवर आकडा कोरलेला, म्हणजे संध्याकाळी कोणती कुठे बसवायची ते कळावं. एका ओट्याच्या दगडात लहानमोठे चार खड्डे होते आणि प्रत्येकाच्या बुडाशी एक भोक. मास्तर तिथे घुटमळले तेव्हा शेजारच्या कुलूपवाल्याने आपणहून सांगितलं, की ही जुनी धान्याची मापं, भरली की खालचं भोक उघडून धान्य पोत्यात सोडायचं. दगडाचीच असल्यामुळे कुणाला खोटं माप ठेवता येत नसे. मास्तरांनी एका खड्ड्यात हात घातला. आतला दगड काचेसारखा गुळगुळीत होता.

बटणांचं दुकान बोळाच्या टोकाला निघालं. दुकानदाराने पन्नासेक खण उघडून अगदी तशीच बटणं शोधून दिली. मास्तर परत फिरले तर बोळाच्या तोंडाशी माणसं गप्पा मारत उभी. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "चला, वाट सोडा, मध्ये उभं राहू नका."

खाली बसून टोपली विणणारी एक बाई मानही वर न करता म्हणाली, "मास्तर, इथे तरी दम धरा."

त्यांनी तिला ओळखलं नाही. तिने त्यांना आवाजावरून ओळखलं होतं. तिने विचारलं, आठवतं का, वीस वर्षांपूर्वी एका बाईला टोपल्यांच्या ओझ्यासकट याच स्टँडवर उतरवलं होतं? ती टोपल्या विकायला शहरात निघाली होती. मास्तरांना खरंच आठवेना. अशी किती माणसं त्यांनी उतरवली होती. एवढं ओझं गाडीत घ्यायचं नाही, नियमच होता तसा, असं ते हळूच म्हणाले.

"नियम असेल," ती म्हणाली. "पण मला सातवा महिना होता. ऊन मी म्हणत होतं. तुम्ही माझ्या ओझ्याकडे पाहिलंत, माझ्याकडे नाही."

मास्तर तिच्यामागच्या ओट्यावर बसले. ती विणता विणता सांगत राहिली. त्या दिवशी ती सावलीला म्हणून या कमानीखाली येऊन टेकली होती. दुपारपर्यंत तिच्या निम्म्या टोपल्या गेल्या. पुढच्या आठवड्यात ती आपणहून इथेच उतरली, आणि लेक झाल्यावर हा ओटाच घेतला. आता त्या लेकीची वेगळी गादी होती, बोळाच्या पलीकडे.

"म्हणजे चांगलंच झालं म्हणायचं," मास्तर म्हणाले.

"झालं ते माझ्या हातांनी झालं. तुम्ही नुसतं उतरवलंत."

"चुकलं माझं, ताई."

तिने तेवढ्यावर मान हलवली आणि शेजारचा पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

घरी येऊन मास्तरांनी बटणं दिली आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं, सातव्या महिन्यासकट. बायकोने मशीन थांबवलं. मग म्हणाली, "पुढच्या खेपेला मी पण येते."

दोघं गेली. बायको टोपलीवालीशेजारी बसली आणि घटकाभरात दोघी जिवाभावाच्या मैत्रिणींसारख्या, मास्तरांच्या देखत मास्तरांबद्दलच, बोलू लागल्या. मास्तरांनी काढता पाय घेतला. बोळामागे एक जिना नदीकडे उतरत होता. एका वळणावर त्याच्या भिंतीत दगडी बाक होता, ओझं टेकायला बांधलेला, अगदी माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. ज्याने बांधला त्याने वर येणाऱ्या हमालाकडे नीट पाहिलेलं असणार. मास्तरांनी आपला खांदा त्याला लावून पाहिला आणि मग शेवटची पायरी कुठे पोचते ते बघायला खाली उतरत गेले.