आव्वांचा अंगठा

आव्वा म्हणजे माझ्या सासूबाईंच्या थोरल्या जाऊ. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. पण मैंदर्गीच्या शिवारातला ज्वारीचा एक तुकडा त्यांच्या नावावर होता, म्हणून सरकारचा शेतकरी हप्ताही त्यांच्याच नावावर यायचा. हप्ता आला की सासरे त्यांना मोटारसायकलवर बसवून बँकेत न्यायचे आणि पैसे स्वतःच्या खिशात घालून परतायचे. एरवी आव्वांना चूल, भांडी, खुरपणी चुकत नव्हती. ज्वारी उपटायला तर त्या गड्यांच्या बरोबरीनं असायच्या.

मग एकदा हप्ता थांबला. केवायसी करायची होती, पण गावातल्या केंद्रातल्या यंत्रावर आव्वांचा अंगठा काही केल्या उमटेना.

"रेषाच न्हाईत की," केंद्रवाला म्हणाला. "घासून गेल्यात. म्हैनाभर हाताला काम नगं. रोज खोबरेल लावा, परत येतील."

त्या संध्याकाळी सासूबाई स्वतः तेलाची वाटी घेऊन आव्वांपुढं बसल्या. "आव्वा, तुमी पाण्यात हात घालू नगा." मला हसावं की ओरडावं कळेना. आव्वांना अंगणात बाज मिळाली, दूध-भाकरी हातात मिळू लागली. आणि घरभरच्या भाकऱ्या माझ्या गळ्यात पडल्या. खोटं कशाला सांगू, तव्यापुढं बसून माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पहिले काही दिवस आव्वा हात पदराखाली लपवून बसायच्या, चोरी केल्यासारख्या. मग सैलावल्या. शेजारणीला बोलावून कानडीत गप्पा मारू लागल्या. एकदा मोठ्यानं हसल्या. त्यांना हसताना मी तोवर ऐकलंच नव्हतं.

महिन्यानं अंगठा लावला, तरी उमटला नाही. सासूबाई तडतडल्या, पण आराम वाढवावा लागला. दुसऱ्या खेपेलाही तेच.

एका दुपारी मी न्हाणीत शिरले. आव्वा उकिडव्या बसून टाच घासायच्या दगडावर अंगठा घासत होत्या. कातडं सोलून लाल झालेलं. मला बघून दचकल्या.

"सांगू नगं गं. आनखी थोडं दिवस."

मी नाही सांगितलं. त्या दिवसापासून माझा राग आव्वांवरून उठला आणि जिथं बसायला हवा होता तिथं जाऊन बसला.

सांगायची गरजही पडली नाही. केंद्रवालाच घरी आला. म्हणाला, आता अंगठा लागत नाही, चेहरा चालतो. मोबाईलपुढं तोंड धरायचं आणि डोळ्यांची उघडझाप करायची.

आव्वांना सगळं लगेच समजलं. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. "बेडा," म्हणाल्या, "नगं मला." सासऱ्यांनी हनुवटी धरून तोंड वर केलं. तरी डोळे उघडेनात. तेव्हा सासूबाईंनी पुढं होऊन थोरल्या जावेच्या गालावर एक चापट दिली.

डोळे उघडले. पाण्यानं भरलेले होते, त्यामुळे उघडझाप आपोआपच झाली.

"झालं बगा," केंद्रवाला म्हणाला. सासरे खो खो हसत म्हणाले, "आता त्या अंगठ्याचं लोणचं घाला." माझा नवराही हसला. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

सासूबाईंनी तेलाची वाटी उचलून फडताळात ठेवली आणि काठवट आव्वांपुढं सरकवली. मी म्हणाले, "मी करते की."

"तू गप. लई दीस केल्यास."

आव्वांनी उकळतं पाणी पिठात ओतलं आणि त्याच सोललेल्या अंगठ्यानं मळायला घेतलं. ओठ दाबून धरले होते. पहिली भाकरी तव्यावर पडली, तशी सासूबाईंनी वाकून बघितलं.

"जाड व्हाय लागलीय, आव्वा. बसून बसून हात बिघडला तुमचा."