चंदन लागलेली मेमरी

मुलीच्या खोडरबराचा वास आला, की मला हटकून चंदन आठवतं.

तंजावूरला आयुधपूजेच्या, म्हणजे अवजारं-यंत्रं पुजायच्या दिवशी थोरल्या भावानं, अण्णानं, कॉम्प्युटरच्या जुन्या मेमरीशेजारी बसवायला दुसऱ्या कंपनीची नवी पट्टी आणली. जुनीही काढून ठेवून तो हात धुऊन येईतो अम्मानं दोन्ही पट्ट्यांना चंदन-कुंकू लावलं, पार कडेच्या सोनेरी दातांपर्यंत. पुसून बसवल्या, तर कॉम्प्युटर नुसता पीं-पीं करू लागला.

"बिघडवलं का रे मी?" अम्माचा चेहरा उतरला.

अण्णानं खोडरबरानं दात हलके घासले. पडदा उजळला.

"नवी वेगवान आहे अम्मा, पण आता जुनीच्या चालीनं चालणार."

"मग काय झालं? दोघी बरोबर चालतात की!"

हल्ली देवळाच्या वाटेवर अम्माचा हात धरून अण्णा अगदी लहान पावलं टाकतो.