एका नावाच्या दोघी

बी.ए.ला आमच्या वर्गात माझ्याच नावाची आणखी एक मुलगी होती. ती कुंभार पिंपळगावची, मी जालन्यातलीच. हजेरीला दोघी एकदम 'हजर' म्हणायचो आणि मॅडम वैतागायच्या. पुढे त्याच मॅडमनी ग्रीक कथा आणि शोकनाट्यं शिकवताना फळ्यावर एकच ग्रीक नाव दोनदा लिहिलं. पुराणकथेतली त्या नावाची बायको जळत्या शहरातून पळताना मागे राहते. नवरा हाका मारत फिरतो, पण ती सापडत नाही. शोकनाट्यातली त्याच नावाची राजकन्या लग्नात भेट आलेला विषारी पोशाख अंगावर घालते आणि जळून मरते. "दोघींची गल्लत केलीत तर मार्क कापीन," मॅडम म्हणाल्या.

मागच्या बाकावर आम्ही लगेच वाटणी केली. लग्नाचा पोशाख तिनं घेतला, मागे राहणं माझ्या वाट्याला आलं. खूप हसलो तेव्हा.

निकाल लागायच्या आत तिचं लग्न झालं, केदारखेड्याला. ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. ती मान खाली घालून बघत राहिली. माझं डोकं तापट. तिला बाजूला घेऊन म्हणाले, "आपलं नाव इतकं स्वस्त होतं का गं?" आणि न जेवताच निघून आले. नंतर तिचे फोन आले. मी उचलले नाहीत.

माझ्या लग्नात मी नाव बदलू दिलं नाही, वर ते चारचौघांत मिरवलंही. पण त्या नावानं कोणीही हाक मारली तरी मला ती अर्धीच वाटायची. तिची फार आठवण यायची; फोन करायला मात्र तोंड नव्हतं.

यंदा हरभरा काढणीच्या दिवसांत शेवटी केदारखेड्याला गेलेच. दारात तिच्या सासूबाई तूर निवडत होत्या. मी तिचं जुनं नाव घेऊन विचारलं आणि जीभ चावली. नवं नाव मला आठवतच नव्हतं. पण बाई सहज म्हणाल्या, "ती साळंत गेली न्हाई का. पाच वाजता येईल. बसा."

म्हणजे नोकरी लागली! शिक्षिका झाली आणि नावही परत मिळवलं पठ्ठीनं. मी आनंदानं ओट्यावर बसले. पाच वाजता पाठीवर दप्तर, एक वेणी सुटलेली, अशी सहा वर्षांची पोर अंगणात आली. सासूबाईंनी तिला आमच्या नावानं हाक मारली.

मागोमाग शेतातून ती आली. मला बघून डोक्यावरचा चाऱ्याचा भारा तसाच धरून उभी राहिली. माफी मागायची ठरवून गेले होते, तोंडातून भलतंच निघालं, "पोरीला कुणाचं नाव ठेवलंस गं? तुझं का माझं?"

"तुझं," ती म्हणाली. "तू फोन उचलंना. मंग हाक कोणाला मारू?"

भारा उतरवायला मी पुढे झाले. सहा वर्षं ती रोज मला हाक मारत होती, आणि मी तासाभराच्या अंतरावर रुसून बसले होते.