टाकीतली वाळू

इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी होती. गोड्या पाण्यातले मासे पुष्कळ घरांत असायचे, पण समुद्राचे मासे आमच्या इमारतीत फक्त आमच्याकडे. कारखान्यातल्या एका साहेबांची टाकी बघून ह्यांना नाद लागला. मीठ मुंबईहून यायचं. ते पाण्यात कालवायचं. तळाला मेलेल्या पोवळ्यांच्या चुऱ्याची पांढरीशुभ्र वाळू आणि तिच्यावर जिवंत पोवळी. पोवळं म्हणजे अंगठीतला खडा, एवढंच मला ठाऊक. हे म्हणाले, "खडा नाही, जीव आहे तो." एकदा मी काचेवर टिचकी मारली तर एक पोवळं लाजाळूसारखं मिटलं. मी दचकून मागेच सरले.

माझ्या सासूबाईंना ती टाकी फार आवडायची. त्या नांदगावकडच्या. पाण्यासाठी लांब चालण्यात त्यांचं आयुष्य गेलं. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता, मीही नव्हता. काचेला नाक लावून त्या विचारायच्या, "खरा समुद्र येवढाच निळा असतो का गं?"

"असेल," मी म्हणायचे. दुसरं काय सांगणार?

त्या थंडीत त्या गेल्या. ह्यांनी आणि मामंजींनी रामकुंडात अस्थी सोडल्या. तिथल्या पाण्यात हाडं विरघळतात म्हणतात. मामंजी मुळातच कमी बोलणारे. आता ते टाकीसमोर खुर्ची टाकून बसून राहू लागले. मी चहा हातात द्यायचे, तो गार होऊन जायचा.

नंतर टाकी बिघडली. आधी वाळूवर तपकिरी बुळबुळीत थर आला, मग काचेवर हिरवं शेवाळ चढलं. पोवळी उघडेनात. हे काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, जितकं जास्त, तितका रंग गडद निळा. दर वेळी पाणी शाईसारखं निळं व्हायचं. पाणी बदललं, मासे उपाशी ठेवले, तरी तेच.

"तू मुठीमुठीनं खायला घालतेस," हे मला म्हणाले. मी घालत नव्हते. पण मला वाद घालता येत नाही. मी मान खाली घालून तांदूळ निवडत राहिले.

शेवटी ह्यांनी मुंबईच्या दुकानदाराला फोन लावला. हे बोलताना मध्येच हसले. "हाडांचं खत? अहो, ते गुलाबाला घालतात. टाकीत कोण घालेल?" मामंजी खुर्चीवरून उठले आणि आत जाऊन पडून राहिले.

दुकानदारानं वाळूच काढायला सांगितली होती. रविवारी सकाळी ह्यांनी मासे आणि पोवळी टबात काढली आणि डब्यानं वाळू उपसून बादलीत भरली. खालचा थर काळा, नासक्या अंड्याच्या वासाचा. मी नाकाला पदर लावला.

"खाली बांधकामाच्या ढिगावर ओतून ये," हे म्हणाले.

मी बादली उचलून दारापर्यंत पोचले आणि मागून ओरडणं ऐकू आलं, "थांब!"

मामंजी माझ्यावर कधी ओरडले नव्हते. धोतर सावरत ते धावत आले.

"नको ओतू. तुझी सासू हाय त्यात."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दारात सगळ्यांच्या चपला पडलेल्या. तिथे बादली ठेवू कशी? कडी बोटांत रुतत होती, तरी मी तशीच उभी राहिले.

"अण्णा, काय बोलताय हे?" हे म्हणाले.

"मूठभर ठेवल्या व्हत्या. पंच्यात बांधून. सगळी रामकुंडात दिली असती, तर तिनं समुद्र कव्हा बघितला असता?"

"अहो, पण हा कसला समुद्र! नळाचं पाणी आणि पिशवीतलं मीठ आहे ते!"

"मला काय ठावं? तूच सांगायचा येणाऱ्याजाणाऱ्याला, घरात समुद्र आणलाय म्हणून."

हे तिथेच जमिनीवर बसले.

"मग फोनवर मी खताचं बोललो तेव्हा तरी सांगायचं."

"तव्हाच कळलं मला, टाकी कशानं नासली ते. काढायला हात घातला व्हता. पण सगळंच पांढरं. तिचं कोणतं आन् तुझ्या पोवळ्याचं कोणतं, कसं वळखू?"

ह्यांनी उठून माझ्या हातातली बादली घेतली. माझ्याकडे बघितलं नाही. सासूबाईंचं लुगडं जमिनीवर अंथरलं आणि माझ्या रव्याच्या चाळणीनं वाळू चाळायला लागले. हवा लागून वाळूचा काळेपणा गेला होता. चाळणीत तुकडे राहिले. पांढरे, भोकं पडलेले, हलके. मामंजींनी एक उचलला, बघितला, परत ठेवला. मीही बघितलं. काही कळत नव्हतं.

मग सगळीच वाळू बादलीत भरली, वरून लुगडं बांधलं आणि जीप ठरवून जव्हारच्या घाटानं डहाणूला नेली. वाटभर बादली मामंजींच्या पायांत होती. खड्डा आला की ते तिला धरायचे.

किनाऱ्यावर उतरलो आणि मामंजी जागच्या जागी थांबले. मीही थांबले. पुढे सगळं मातकट, गढूळ पाणी. ओहोटी लागलेली, काठाला काळपट चिखल. निळं काहीच नव्हतं.

"ह्यो?" मामंजी म्हणाले. "ह्यो समुद्र?"

"हाच, अण्णा," हे म्हणाले.

मामंजी बादलीपाशी बसले. लुगड्याची गाठ सोडेनात. मग माझ्याकडे वळले. "सूनबाई, तिला काय सांगू आता?"

मामंजींसमोर मी आपणहून कधी बोलत नसे. पण सासूबाई काचेला नाक लावून मलाच विचारायच्या.

"सांगा," मी म्हणाले, "घरचा जास्त निळा होता."

त्यांनी मान हलवली आणि गाठ सोडली. काळ्या चिखलात पांढऱ्या वाळूचा ढीग पडला. पाणी लांब गेलेलं होतं. ते परत येईपर्यंत आम्ही तिघं त्या ढिगापाशी बसून राहिलो.