भिंतीवरचं रोम, सगळं उतारावर

माझा दादा प्लंबर होता. कुणाच्याही घरी गेला की आधी चहा नाही, पाणी नाही, सरळ गच्चीवर टाकीकडे. तिथून एकेक नळ बघत खाली यायचा. घरातली बाई ओरडत असायची, अहो बेसिन गळतंय, बेसिन बघा. हा म्हणायचा, "बेसिन बिचारं शेवटी आहे. पाणी वरून येतं ना, मग आपण पण वरूनच यायचं." मग आत पाईप कुठून कुठे जातो त्याची पेन्सिलीने भिंतीवर रेघ मारायचा आणि नेमकं तिथेच फोडायचा. मला तो लहानपणापासून गळकी म्हणायचा, कारण मी कशानेही रडते. आत्तासुद्धा टाइप करताना मधेमधे मोबाईल पुसतेय, तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

रोमचं खूळ त्याच्या डोक्यात एका गिऱ्हाईकाने घातलं. शॉवर दुरुस्त करून झाल्यावर त्या माणसाने तिकडच्या सहलीचा व्हिडिओ दाखवला. रस्त्यात जागोजागी लोखंडी नळ, आणि सगळे चालूच. दादा घरी येऊन वहिनीला म्हणाला, "गावभर नळ वाहतायत आणि एकालाही वॉशर बदलावासा वाटत नाही!" मग त्याला कळलं की ते मुद्दामच चालू असतात. पाणी पिण्याचं असतं, आणि तोटीच्या तोंडावर बोट दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, म्हणजे वाकायला नको. आणि जुन्या काळी तिथे लांबच्या डोंगरातून पाणी आणलं ते मोटर नाही काही नाही, नुसत्या उतारावर. हे ऐकलं त्या रात्री जेवण झाल्यावर दादा हात धुता धुता म्हणाला, "आपण जायचं. आठवडाभर. बोट लावून बघायचं."

वहिनी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते, दिवसभर उभी. गुडघे पार कामातून गेलेत. ती म्हणाली, "तिकडे टेकड्याच टेकड्या आहेत म्हणे. मी चढणार नाही हं, आधीच सांगते."

"चढायचं कुणी सांगितलंय? तू फक्त उतरायचं."

भाचीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, तिकिटं काढली, दादाने सांगितलं म्हणून टेकडीवर हॉटेल घेतलं. आणि दादाने स्वयंपाकघरात फ्रीजशेजारच्या भिंतीवर आखायला सुरुवात केली. भाची म्हणाली, बाबा, मोबाईलमध्ये नकाशा असतो. तो म्हणाला, "मोबाईल खिशात जातो, भिंत समोर राहते." वर कपाटाजवळ हॉटेल, खाली लादीपाशी नदी, आणि प्रत्येक दिवसाची एक रेघ वरून खाली. गोल म्हणजे नळ, चौकोन म्हणजे बसायला बाक. एका दिवसाला रेघच नव्हती. वहिनीने विचारलं तर म्हणाला, "त्या दिवशी तुझे गुडघे सांगतील ते करायचं." शेजारीण घरात आली की विचारायची, भिंतीला तडे गेलेत का हो?

आणि मग एका दुपारी दादा कामावरून आला, बूट काढायला खुर्चीत बसला आणि उठलाच नाही. एक बूट पायात तसाच.

त्यानंतर वहिनी त्या भिंतीकडे बघायचीच नाही. फ्रीजसुद्धा मान फिरवून उघडायची. भाचीला म्हणाली, "रद्द कर सगळं. एकटी जाऊन काय नळ मोजू?" भाची आज करते, उद्या करते म्हणत राहिली. शेवटी वहिनीने रंगारीच बोलावला. म्हणे भिंत गेली की डोक्यातून पण जाईल.

तो आला त्या सकाळी मी डबे हलवायला गेले होते. त्याने पॉलिश पेपर हातात घेतला आणि विचारलं, "ताई, ही रेघांची भिंत पण घासायची ना?"

"घासा," वहिनी म्हणाली.

माझं लगेच सुरू झालं. "झाली ही चालू," वहिनी म्हणाली. पण त्याला म्हणाली, "थांबा हो जरा." आणि भिंतीपाशी गेली. चादरीची घडी दाबते तसं बोट हॉटेलवर दाबलं आणि पहिल्या दिवसाची रेघ धरून खाली आली. नळ. बाक. कारंजं. परत बाक. मग नदी. दुसरी रेघ, ती पण नदीला. तिसरी पण. तिथे ती वाकलेली तशीच थांबली.

"अगं," ती म्हणाली, "आणि संध्याकाळी?"

"काय संध्याकाळी?"

"झोपायला कुठे जायचं? हॉटेल वर, आणि आम्ही खाली नदीवर!"

मी बघितलं. खरंच की. एकही रेघ परत वर जात नव्हती.

"रोज नदीकाठीच मुक्काम दिसतोय," रंगारी म्हणाला.

"जन्मभर पाणी खाली नेलं या माणसाने," वहिनी म्हणाली. "पाण्याचं काय, एकदा गेलं की गेलं. पण बायकोला परत आणायचं असतं हो!" हे शेवटचं ती त्या खुर्चीकडे बघून बोलली. आणि हसायला लागली. ओट्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दादा गेल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

"मोटर बसवायची राहिली त्याची," मी म्हणाले.

"मोटर कशाला? हॉटेलच खाली घ्यायचं. सकाळी बसने वर जायचं आणि बसत उठत खाली यायचं. दमले की समोर खोली." तिने रंगाऱ्याच्या हातातला कागद घेतला, वरचं हॉटेल स्वतः घासून काढलं. फ्रीजवर दादाची पेन्सिल पडून होती, तिने नदीजवळ हॉटेल काढलं, जरा वाकडंच. बाकी एकही रेघ हलवावी लागली नाही. उतार दादाने बरोबरच काढला होता.

लगेच भाचीला फोन. "रद्द केलंस?"

"नाही गं आई, करतेच आज," ती घाबरत म्हणाली.

"करू नकोस. हॉटेल बदल, नदीजवळचं बघ. आणि अजून एक तिकीट मिळतंय का बघ." मग माझ्याकडे वळून, "गळके, पासपोर्ट आहे का तुझा?"

या नावाने दादा सोडून मला कुणी कधी हाक मारली नव्हती.

"मी कशाला, वहिनी?"

"तोटीवर बोट कोण दाबणार मग? मला वाकता येतं का?"

रंगाऱ्याने उरलेल्या भिंती रंगवल्या, ती तेवढी सोडली. मी काल पासपोर्टसाठी फोटो काढून आले. दोनदा काढावा लागला. फोटोवाला म्हणाला, मावशी, आधी डोळे पुसून घ्या.