विहिरीवरचा पाहुणचार

“मावशी, ओंजळ पुढं करा. जरा खाली वाका. फोटोत चेहरा नको, नुसते हात हवेत.”

पुण्याच्या संस्थेची मुलगी मला सांगत होती. गावच्या जुन्या विहिरीवर वारसा दिन होता. पुण्याहून दोन बस भरून पाहुणे आले होते. कळशी धरून आप्पा उभे, गावचे मोठे बागायतदार. त्यांनी वरून ओतायचं, मी ओंजळीनं प्यायचं. पत्रिकेत छापलं होतं : ग्रामीण पाहुणचाराची परंपरा.

“मीच का?”

“तुम्हाला सवय असेल ना!”

सवय होती. आम्ही महारवाड्यातल्या. माझ्या आईला या विहिरीचा दोर धरता येत नव्हता. घागर घेऊन ती उन्हात लांब उभी राहायची. कुणाच्या मनात आलं तर ओतायचे. मी ओंजळ धरली की मुद्दाम धार वाढवायचे. पाणी नाकात जायचं. मी ठसकायची. ते हसायचे.

कार्यक्रम ठरवायला तीन बैठका झाल्या. तिन्ही आप्पांच्या ओसरीवर. वस्तीतलं एकही माणूस नव्हतं. मला निरोप आला तो आदल्या दिवशी, नऊवारी नेसून या म्हणून. रांजणगावच्या कंपनीत मी माल तपासते. रजा टाकून आले. वाटलं, आमच्याविषयी दोन वाक्यं बोलता येतील.

मी सरळ उभी राहिले. हात खाली घेतले.

“आप्पा, हा पाहुणचार व्हय? मग तुमच्या सोयऱ्यांना कवा पाजलं असं?”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. आप्पांचा चेहरा उतरला.

“जुनं कशाला उकरतीस गं?”

“वारसा म्हंजी जुनंच की.”

“मावशी, निगेटिव्ह नको ना,” मुलगी कुजबुजली. “लहान मुलं आलीत.”

माझी जागा तिच्याच एका मैत्रिणीनं घेतली. ती हसत हसत पाणी प्याली. टाळ्या पडल्या. फोटो निघाले. मी चालत घरी आले.

आता पुढच्या महिन्यात विहिरीवर पुन्हा असाच कार्यक्रम आहे. त्याच्या बैठकीला मी जाणार, न बोलावता. विहिरीवर पाटी लावा म्हणणार : इथं महारांना पाणी भरू दिलं जात नव्हतं. एवढं लिहिणं जमणार नसेल, तर विहीर दाखवू नका. दाखवलीत, तर बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन. कोण कोण वरून ओतायचं, तेही नावानिशी. सुरुवात आप्पांच्या वडिलांपासून.