आवडाबाईच्या डाळीचं पाणी

गुणाजीने आयुष्यात नऊ डेमो पाहिले आणि प्रत्येक डेमो संपला की त्याचा प्रश्न एकच असायचा, "पन पुसनार कोन?"

डेमो म्हणजे काच पुसायच्या नव्या वस्तूचं प्रात्यक्षिक. नव्वद सालानंतर वागळे इस्टेटमध्ये जुन्या शेड पाडून निळ्या काचांच्या इमारती उभ्या राहायला लागल्या आणि त्यांच्या मागोमाग टाय लावलेले विक्रेते आले. कोणी लिंबाच्या वासाचा फेस आणायचा, तर कोणी लोहचुंबकाचं पुसणं, अर्धं काचेच्या आत आणि अर्धं बाहेर. त्या लोहचुंबकवाल्याचं बाहेरचं अर्धं तिसऱ्या मजल्यावरून सुटलं ते थेट आमच्या साहेबांच्या गाडीच्या टपावर. काच पुसणाऱ्यांचं डेमोंबद्दलचं मत ठरलेलं होतं. डेमोला मिळणारा बटाटावडा चांगला असतो, आणि डेमोची काच आदल्या दिवशी आपल्याकडूनच पुसून घेतलेली असते.

मी सरोज प्रधान. आमच्या कंपनीत ऍडमिनला होते. रजेचे अर्ज, पंखे, उंदीर आणि काचा, ही माझी खाती. माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

गुणाजी बाळकुमचा कोळी. खाडीत मासळी मिळेनाशी झाली तेव्हा शहात्तर सालाच्या सुमाराला होडी बांधून ठेवून तो या कामाला लागला. गच्चीवरून दोर, दोराला फळी, फळीवर गुणाजी आणि बाजूला लटकणारी बादली. दोराच्या गाठी तो स्वतः मारायचा, होडीच्या नांगराला मारतात तशा, आणि जोडीदार कुंडलिक सोडून कोणाला त्या दोराला हात लावू द्यायचा नाही. आधी ओलं फडकं, मग रबराची पट्टी वरून खाली, शेवटी कडांना वर्तमानपत्र. त्याने पुसलेल्या काचेच्या दारावर आमचा शिपाई दोनदा आपटला. दुसऱ्यांदा गुणाजीने त्याला चहा पाजला, पण चेहऱ्यावरचा आनंद काही त्याला लपवता आला नाही.

त्याची बायको आवडाबाई दर शनिवारी मासळीची पाटी घेऊन आमच्या गेटवर यायची. भावावरून मी तिच्याशी भांडायचे आणि ती माझ्याशी. दोघींनाही त्याशिवाय शनिवार झाल्यासारखा वाटायचा नाही. तिचा एक नेम होता. गुणाजी काचांवर असेल त्या दिवशी ती दुपारी जेवायची नाही. तो घरी पोचला की मगच भाकरी मोडायची. गंमत म्हणजे तो खाडीत होडी घेऊन जायचा तेव्हा ती पोटभर जेवायची. पाण्याची तिला भीती नव्हती. हवेत टांगलेल्या नवऱ्याची होती. अठरा वर्षं तिने हा उपास पाळला आणि अठरा वर्षं गुणाजीने त्यावरून तिची चेष्टा केली.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात टाकी गळते म्हणून मी गच्चीवर गेले. बघते तर गुणाजी कठड्याला पाठ लावून, डोळे मिटून बसलेला. फळी अर्धी वर ओढलेली. मला वाटलं, ऊन लागलं.

"ऊन नाय, बाय," तो म्हणाला. "भुई फिरतंय. तिसऱ्यांदा झाला यो."

"अरे, मग दोरीवर कशाला जातोस? डॉक्टरकडे चल!"

"डॉक्टर बोल्ला, उंचावर जाऊ नको. मंग करू काय? माझा काम उंचावरच हाय." मग त्याने माझ्याकडून वचन घेतलं. "आवडीला बोलू नको. ती मना घराभाईर परू देनार नाय."

मी वचन दिलं. त्रेपन्न वर्षांचा माणूस, दुसरं काम ठाऊक नाही, आणि ओट्यावर बसून राहिला तर महिन्याभरात वेडा होईल असा. तेव्हापासून तो दोरीवर असला की माझंही कामात लक्ष लागेना. पण मी जेवायचे. माझा उपासावर विश्वास नाही.

जुलैच्या शेवटी आमचे मॅनेजर श्रीपाद साने यांनी सांगितलं, परदेशी काठीचा डेमो आहे. लांब पोकळ काठी, टोकाला ब्रश, ब्रशातून पाणी. एक माणूस जमिनीवर उभा राहून चार मजले धुतो. कुंडलिकने ते ऐकलं आणि डोक्याला हात लावला.

"सरोजबाई, आमची वाट लागली. जमिनीवरूनच धुवायचं तर वॉचमन पण धुवेल. आम्हाला कोण विचारतो?"

तो दिवा स्टेशनजवळच्या चाळीत राहायचा, घरी दोन मुली, त्याचा संताप बरोबरच होता. गुणाजीने मात्र संध्याकाळी जाता जाता मला हळूच विचारलं, "बाय, चार माले खरंच भुईवरून?" त्याच्या डोळ्यांत काय होतं ते फक्त मला कळलं. कुंडलिकचं काम त्या काठीने जाणार होतं आणि गुणाजीचं काम फक्त त्या काठीनेच टिकणार होतं.

ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप दिली तसा डेमो झाला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीचे मिळून पंचवीस-तीस काच पुसणारे जमले. टायवाल्याने टेम्पोतून पाण्याचं मोठं पिंप उतरवलं, पंप लावला, काठीचे तुकडे एकात एक बसवले. ब्रश चौथ्या मजल्यापर्यंत गेला. पाण्याच्या धारा काचेवरून खाली आल्या.

"एवढ्या पाण्यात आमच्या चाळीची आंघोळ झाली असती," कुंडलिक मोठ्याने म्हणाला. डोंबिवलीच्या एकाने विचारलं, "आमच्याकडं नळ पाऊण तास येतो. बाकीचा दिवस काठी घेऊन नाचायचं काय?" सगळे हसले.

"पन पुसनार कोन?" गुणाजीचा प्रश्न आलाच.

"पुसायचंच नाही," टायवाला म्हणाला. "आपोआप सुकते."

आता मात्र सगळे खो खो हसले. न पुसता काच सुकली की डाग पडतात हे काच पुसणाऱ्याच्या पोरालाही माहीत असतं. पण दहा मिनिटांत काच सुकली आणि हसणं थांबलं. एक ठिपका नव्हता. गुणाजी तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"कोणाला चालवून बघायची आहे?" टायवाल्याने विचारलं. गुणाजी इतका झटकन पुढे झाला की कुंडलिकने त्याच्याकडे संशयाने पाहिलं.

त्याने काठी घेतली. आणि पंचवीस वर्षं खाडीत होडी रेटलेल्या माणसाने जे करावं तेच केलं. पाय रोवले, काठी काचेच्या चौकटीला टेकवली आणि अंगाचा सगळा भार टाकून रेटा दिला. होडी असती तर सरकली असती. इमारत कशाला सरकते? ओल्या फरशीवरून गुणाजीच मागे मागे घसरत गेला तो थेट गुलाबाच्या वाफ्यात जाऊन बसला. काठी मात्र त्याने सोडली नाही. वरून पाणी त्याच्या डोक्यावर पडत होतं आणि तो खाली बसून खदाखदा हसत होता. दुसऱ्या खेपेला त्याने काठी हलक्या हाताने धरली आणि तीन काचा अशा धुतल्या की टायवाल्यानेच टाळ्या वाजवल्या.

मी मनात म्हटलं, सुटला बिचारा.

तेवढ्यात हातावर ओघळलेलं पाणी त्याने जिभेला लावलं. ही त्याची सवयच. भरती कुठवर आली हे खाडीची माणसं पाण्याच्या चवीवरून ओळखतात. त्याने दुसऱ्यांदा चाखलं आणि त्याचा चेहरा उतरला.

साने साहेब खुशीत होते. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "काय गुणाजी, तुझं मत काय? घेऊ या का?"

हो म्हणाला असता तर काठी आली असती. मी त्याच्याकडे बघत होते. त्याने टाचेने थोडी माती उकरली.

"काठी सोन्यासारखी हाय, साहेब," तो म्हणाला. "पन यो पानी आपला नाय. याला चवच नाय. बॅटरीत घालतात तो पानी हाय. आपल्या टाकीचा घाला आनि मंग बगा."

टायवाला म्हणाला, पाणी ते पाणी. साने हिशेबी माणूस, त्यांनी आमच्या टाकीची नळी जोडायला लावली. आमच्या टाकीत बोअरिंगचं पाणी. काच सुकली तेव्हा तिच्यावर पांढरे ठिपके असे उठले, जणू कोणी वरून मीठ भुरभुरलं असावं. टायवाला खाकरला आणि म्हणाला, पाणी शुद्ध करायचं यंत्र वेगळं मिळतं. त्याचा आकडा ऐकून साने साहेबांनी फाइल मिटली.

कुंडलिकने गुणाजीला मिठी मारली. "वाचवलंस रे, गुणाजी!" गुणाजी कसाबसा हसला.

सगळे पांगल्यावर मी त्याच्यावर कडाडले. "गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं? काठी तर आली असती!"

"आनि त्यो डाग?" तो म्हणाला. "पुसाया दोरीवर मीच ना जानार, बाय? आनि साहेबाने मना इचारला. इचारल्यावर खोटा कसा बोलू?"

त्याचं बरोबर होतं आणि समोरचा बरोबर असला की माझा राग दुप्पट होतो. तो राग शनिवारी आवडाबाईवर निघाला. ती म्हणाली, सुरमईला एक पैसा कमी होणार नाही. मी म्हणाले, "नवराबायको दोघंही सारखीच हट्टी! त्याला चक्कर येते तरी दोरीवर चढतो आणि..."

बोलून गेले. जीभ चावली, पण उपयोग काय. आवडाबाईच्या हातातला कोयता थांबला. मला वाटलं, आता रडेल किंवा ओरडेल. तिने कोयता पाटीत ठेवला आणि पुढचं सांग म्हणून मान हलवली. मग मला सगळंच सांगावं लागलं, मे महिन्यातली गच्ची, काठी, पिंपातलं पाणी, ठिपके.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्या बोअरिंगच्या पान्यात तुरीची डाल शिजते का?"

मला वाटलं, धक्क्याने बाईचं डोकं फिरलं. "मला काय माहीत? ऑफिसात कोण डाळ शिजवतं?"

"नाय शिजनार," ती म्हणाली. "आमच्या बावीच्या पान्यात पन नाय शिजत. किती उकला, दाना तसाच. बावीचा पानी तव्यावर आटला का पांढरा उरतो. म्हनून डालीला मी पागोल्यांचा पानी ठेवते. पिंपं भरून."

बाळकुमला तिच्या सासूने, आणि सासूच्या सासूनेही, पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंपं लावली होती, केवळ डाळीसाठी. छपराचा मळ दोन-चार दिवस वाहून जाऊ द्यायचा, मग फडक्यातून गाळून भरायचं. सोमवारी सकाळी ती मासळीच्या पाटीत पाण्याची कळशी घेऊन हजर. आम्ही दोघींनी तळमजल्यावरच्या एका काचेवर अर्ध्या भागाला बोअरिंगचं पाणी ओतलं आणि अर्ध्या भागाला तिच्या डाळीचं. मी साने साहेबांना हाताला धरून खाली आणलं म्हटलं तरी चालेल. काच सुकली. अर्धी काच मीठ भुरभुरलेली आणि अर्धी अशी, की साने साहेबांनी ती आहे की नाही हे बोट लावून पाहिलं.

"प्रधानबाई, ही कल्पना कोणाची?"

"हिच्या डाळीची," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात गच्चीवर, जिन्याच्या छपराच्या पन्हाळीखाली चार मोठी पिंपं बसली. पिंपं वर आणि ब्रश खाली, त्यामुळे पंपही लागला नाही. काठी आली. पिंपांतलं पाणी फेब्रुवारीपर्यंत पुरेल, पुढे पावसापर्यंत कुंडलिक दोरीवर, आणि इतर महिन्यांत काठीच्या नळ्या सांभाळायलाही तोच, असं साने साहेबांनी ठरवलं. कुंडलिकने दिव्याला पेढे वाटले. "साहेब, एक पिंप माझ्या चाळीला पण द्या," असंही तो म्हणाला, पण ते कोणी मनावर घेतलं नाही.

गुणाजी मात्र माझ्याशी बोलेना. मी वचन मोडलं होतं. समोरून आला की मान फिरवायचा. मी दोनदा चहा पाठवला, दोन्ही वेळा तो कुंडलिकने प्यायला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

दसऱ्याच्या आधी सगळी इमारत पहिल्यांदा काठीने धुवायचं ठरलं. खंडेनवमीला दरवर्षी गुणाजी दोराची पूजा करायचा. त्या वर्षी दोराशेजारी काठी ठेवली आणि दोघांना सारखंच हळदकुंकू वाहिलं. काम सुरू झालं. मी दुसऱ्या मजल्यावर रजेचे अर्ज तपासत होते, खिडकी उघडीच होती. साडेबाराला ब्रश वर आला, क्षणभर माझ्यासमोर थांबला आणि बरोबर खिडकीतून आत घुसला. अर्ज भिजले, मी भिजले, टेबलावरचा गणपतीही भिजला. खालून हसण्याचा आवाज आला.

मी तणतणत जिना उतरले. "गुणाजी, आंधळा झालास का?"

"चुकला, बाय," तो म्हणाला. दीड-दोन महिन्यांतलं त्याचं पहिलं वाक्य. चूक बिक काही नव्हती हे त्याच्या दातांवरूनच कळत होतं. दोन्ही पाय ओल्या मातीत रोवून, मान वर करून तो उभा होता, आणि काठी त्याच्या हातात होडीच्या काठीइतकी सहज फिरत होती.

मी आणखी चार शब्द सुनावणार होते, पण गेटजवळच्या बदामाखाली लक्ष गेलं. आवडाबाई पाटी बाजूला ठेवून बसली होती. मांडीवर फडकं उघडलेलं, त्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. भर दुपारी, काचांच्या दिवशी.

"आवडाबाई," मी म्हटलं, "जेवतेस?"

तिने घास चावून संपवला, पाण्याचा घोट घेतला.

"त्यो भुईवर हाय ना," ती म्हणाली. "मंग मी कनाला उपाशी राहू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चेहरा आधीच भिजलेला असल्यामुळे ते कोणाला कळलं नाही. तिने भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला आणि मी तिच्या शेजारी बसून तो खाल्ला.